शाईछत्र्यांचं एक कुळ मोडलं कसं? अळंब्यांच्या वर्गीकरणात डीएनए नेमकं काय सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या पुस्तकांत शाईसारख्या काळ्या होऊन गळणाऱ्या सगळ्या अळंब्या, म्हणजे शाईछत्र्या, कोप्रिनस या एकाच प्रजातीत आणि कोप्रिनेसी या एकाच कुळात दिलेल्या आहेत. नव्या याद्यांत त्यांतल्या मोजक्या बटण मशरूमच्या कुळात गेल्या आहेत आणि बाकीच्या सॅथिरेलेसी नावाच्या वेगळ्याच कुळात. हे डीएनएवरून ठरलं म्हणतात, ते कसं? शिवाय कुजक्या बुंध्याजवळ मिळालेल्या, टोपीवर चमचमते कण असलेल्या एका अळंबीचा साधारण ६५० अक्षरांचा डीएनए क्रम हातात आहे आणि सार्वजनिक डेटाबेसमध्ये तो ९७ टक्के जुळतो. एवढ्यावरून तिचं कुळ सांगता येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. कुळ बहुधा सांगता येईल, प्रजातीही कदाचित सांगता येईल. जात सांगता येणार नाही. आणि हे सगळं तो क्रम खरोखर त्या अळंबीचाच असेल तर. ही अट वरवरची वाटते, पण माझ्या कामातले सगळ्यात जास्त दिवस तिच्यातच गेले आहेत. तिच्याकडे पुढे येते. कुळ, प्रजाती आणि जाती हे शब्द मी उतरत्या क्रमाने वापरते आहे: कुळात प्रजाती, प्रजातीत जाती.

जुन्या अभ्यासकांनी शाईछत्र्या एकत्र ठेवल्या त्याला भक्कम कारण होतं. अळंबीची टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली की सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसतो. पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा. एलियास फ्रीसने १८२१ पासून या रंगाला वर्गीकरणात मानाची जागा दिली आणि पुढची दीडशे वर्षं ती टिकली. शाईछत्र्यांचा ठसा काळा. टोपीखालचे पडदे, म्हणजे गिल्स, कागदासारखे पातळ आणि एकमेकांना चिकटल्यासारखे दाट. त्यात ती गळण्याची खास तऱ्हा. बीजाणू पडद्याच्या खालच्या कडेला आधी पिकतात. ते उडून गेले की अळंबी कायटिन फोडणाऱ्या विकरांनी तेवढी पट्टी स्वतःच पचवून टाकते, म्हणजे वरच्या बीजाणूंना खाली पडायला मोकळी वाट मिळते. पट्टी विरघळते, तिच्या वरची पिकते, तीही विरघळते. काही तासांत उभ्या देठावर काळ्या थेंबांची झालर तेवढी उरते.

इतकी गुंतागुंतीची युक्ती निसर्गात एकदाच सुचली असणार, असं कुणालाही वाटेल. काळा ठसा, पातळ पडदे आणि गळणं या तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. पर्सूनने १७९७ मध्ये कोप्रिनस ही प्रजाती मांडली आणि जवळपास दोनशे वर्षं तिच्या एकजिनसीपणाला कुणी गंभीरपणे धक्का लावला नाही. शंका घेणारे होते, कारण कोप्रिनस कोमॅटस ही प्रजातीची मुख्य जात अंगाने बाकीच्यांहून जरा वेगळी दिसते. उंच, पांढरी, खवलेदार, देठावर सुटं सरकणारं कडं. पण खुणेविरुद्ध खूण ठेवली की वाद मिटत नाही. कोणती खूण वजनदार धरायची हे ज्याच्या त्याच्या मतावर राहतं.

डीएनएने इथे एक मोठी सोय केली. एकाच वेळी शेकडो खुणा तपासायला मिळाल्या आणि त्यांतली कोणती वजनदार हे आधी ठरवून ठेवावं लागलं नाही.

हॉपल आणि विल्गालिस यांनी १९९४ मध्ये शाईछत्र्यांच्या रायबोसोमच्या डीएनएवर विकरांनी कुठे कुठे छेद जातो त्याचे नकाशे तुलनेला घेतले आणि १९९९ मध्ये त्याच भागातल्या मोठ्या उपघटकाच्या जनुकाचा प्रत्यक्ष अक्षरक्रम वाचला. या जनुकाला आम्ही एलएसयू म्हणतो. दोन्ही वेळा चित्र सारखंच निघालं. कोप्रिनस कोमॅटस आणि तिच्या मोजक्या सख्ख्या जाती थेट अ‍ॅगॅरिकसच्या, म्हणजे बटण मशरूमच्या गोतात जाऊन बसल्या. उरलेल्या शाईछत्र्या सॅथिरेला या साध्या, ठिसूळ, न गळणाऱ्या तपकिरी अळंब्यांमध्ये विखुरलेल्या सापडल्या. कोमॅटसच्या शेजाराला आणखी एक पाहुणी निघाली, पोडॅक्सिस. ही वाळवंटी भागात आणि वाळवीच्या वारुळांवर उगवते. टोपी कधी नीट उघडत नाही, आत सगळी बीजाणूंची कोरडी पूड. बाहेरून पाहून तिला कोमॅटसची नातलग म्हणायला हिंमत लागली असती.

आता हे नातं अक्षरांतून वाचतात कसं ते सांगते, कारण मला विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा समज असतो की यंत्र अळंबीचं नाव छापून देतं.

समजा चाळीस अळंब्यांचे क्रम आहेत, प्रत्येकी सुमारे ९०० अक्षरांचे. ते एकाखाली एक असे मांडायचे की एकाच पूर्वज-अक्षरापासून आलेली अक्षरं एकाच उभ्या स्तंभात येतील. मधे कुठे अक्षरं गळली असतील किंवा घुसली असतील तर तिथे रिकाम्या जागा सोडाव्या लागतात. हे काम आता माफ्टसारखे प्रोग्रॅम करतात, तरी त्यांची मांडणी मी आजही डोळ्यांखालून घालते. मांडणी चुकली तर पुढचं सगळं गणित चुकीच्या पायावर सुबक उभं राहतं.

मांडणी झाली की एखाद्या स्तंभात दिसतं की कोमॅटस, अ‍ॅगॅरिकस आणि पोडॅक्सिसकडे सी आहे, बाकी सगळ्या शाईछत्र्यांकडे आणि सॅथिरेलांकडे टी. एकट्या स्तंभाला किंमत नाही. अक्षरं चारच असल्यामुळे योगायोगाने तेच अक्षर दोनदा येणं अगदी सोपं आहे. पण असे अनेक स्तंभ एकाच फाट्याकडे झुकायला लागले की योगायोग हे कारण पुरत नाही. कमाल शक्यता किंवा बेझियन पद्धतीचे प्रोग्रॅम हेच मोजतात: अक्षरं बदलण्याचा अमुक एक नियम धरला तर कोणत्या आकाराच्या वंशवृक्षावर हे सगळे स्तंभ सगळ्यात सहज समजतात.

झाडाच्या फाट्यांवर छापलेले आकडे बहुतेकदा बूटस्ट्रॅपचे असतात. फेल्सेनस्टाइन यांनी १९८५ मध्ये ही पद्धत वंशवृक्षांसाठी आणली. मूळ मांडणीतले स्तंभ चिठ्ठ्यांसारखे उचलायचे, उचललेली चिठ्ठी परत पिशवीत टाकायची, आणि असं करत तेवढ्याच लांबीची नवी मांडणी तयार करायची. तिच्यावरून नवं झाड काढायचं. हे हजार वेळा. त्यांतल्या ९५० झाडांत एखादा फाटा आला तर त्याच्यावर ९५ लिहायचं. म्हणजे हा आकडा एवढंच सांगतो की आपल्याच माहितीतले निरनिराळे तुकडे एकमेकांशी किती सहमत आहेत. सगळीच माहिती एका बाजूला कललेली असेल तर चुकीच्या फाट्यालाही १०० मिळतात. दोन जाती फार झपाट्याने बदललेल्या असल्या की त्यांच्या लांब फांद्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन खोटं नातं दाखवतात, हे फेल्सेनस्टाइन यांनीच १९७८ मध्ये दाखवून दिलं होतं. म्हणून १०० हा आकडा पाहून मी निवांत होत नाही. तोच फाटा दुसऱ्या, वेगळ्या गुणसूत्रावरच्या जनुकाने दिला की मग होते.

कोणता भाग वाचायचा हेही पातळीवर अवलंबून आहे. तुमच्या हातातला ६५० अक्षरांचा क्रम बहुधा आयटीएस भागाचा, म्हणजे रायबोसोमच्या जनुकांच्या मधल्या पट्ट्याचा असणार. तो झपाट्याने बदलतो, म्हणून जवळच्या जाती ओळखायला चांगला. २०१२ मध्ये त्याला कवकांचा अधिकृत बारकोड मानलं गेलं ते त्यासाठीच. पण कुळाच्या पातळीवर तो अपुरा पडतो: दूरच्या जातींत तो इतका बदललेला असतो की कोणतं अक्षर कोणाच्या खाली ठेवायचं हेच ठरत नाही. तिथे एलएसयू लागतो, आणि त्याहून खोल फाट्यांसाठी आरपीबी२ किंवा टीईएफ१ सारखी प्रथिनं घडवणारी जनुकं. ही जनुकं मिळवायला त्रास होतो. रायबोसोमच्या डीएनएच्या एका पेशीत अनेक प्रती असतात, त्यामुळे जुन्या वाळक्या नमुन्यातूनही तो निघतो. आरपीबी२ ची एकच प्रत असते, आणि नमुना नीट वाळवलेला नसेल तर दहा-दहा वेळा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या लाखो प्रती काढण्याची प्रक्रिया, लावूनही जेलवर त्या प्रतींचा पट्टा दिसत नाही.

झाड मिळालं म्हणजे कुळ मिळालं असं होत नाही. इथून पुढे नामकरणाचे नियम सुरू होतात, आणि शाईछत्र्यांच्या गोष्टीतला सगळ्यात चुरशीचा भाग हाच आहे.

नियम असा की प्रजातीचं नाव तिच्या टाइप जातीबरोबर, म्हणजे ज्या एका जातीला ते नाव कायमचं बांधलेलं असतं तिच्याबरोबर जातं. कोप्रिनसची टाइप जात कोमॅटस. ती अ‍ॅगॅरिकसच्या कुळात गेली, त्यामुळे कोप्रिनस हे नावही तिच्याबरोबर तिकडे गेलं. मागे राहिल्या शंभराहून जास्त जाती, ज्यांना रोजच्या बोलण्यात सगळे कोप्रिनस म्हणत होते आणि ज्यांचं नाव आता निराधार झालं. तसंच कुळाचं. कोप्रिनेसी हे नाव कोप्रिनस प्रजातीवर उभं आहे. ती प्रजाती अ‍ॅगॅरिकेसीत गेली, आणि अ‍ॅगॅरिकेसी हे नाव त्याहून जुनं आहे, त्यामुळे कोप्रिनेसी त्यात विरून गेलं. उरलेल्यांच्या कुळाला नवं नाव द्यावं लागलं. २००१ मध्ये रेडहेड, विल्गालिस, मोन्काल्व्हो, जॉन्सन आणि हॉपल यांनी ते दिलं: सॅथिरेलेसी. प्रजातींसाठी त्यांनी कार्स्टेन या जुन्या अभ्यासकाची १८७९ आणि १८८१ मधली पडून राहिलेली दोन नावं परत वापरात आणली, कोप्रिनेलस आणि कोप्रिनॉप्सिस. पडद्यांसारख्या चुण्या असलेल्या नाजूक छत्र्यांसाठी पॅरासोला ही नवी प्रजाती केली.

याला विरोध झाला, आणि तो विरोध मला त्या वेळी पटण्यासारखा वाटला होता. त्याच वर्षी एक प्रस्ताव आला की कोप्रिनसची टाइप जातच बदलावी, म्हणजे बहुसंख्य जाती जुन्या नावाखाली राहतील आणि एकट्या कोमॅटसच्या गटाला नवं नाव मिळेल. शेतात, प्रयोगशाळेत, विषबाधेच्या नोंदींत सगळीकडे कोप्रिनस हेच नाव रुळलेलं होतं. प्रस्ताव मंजूर झाला नाही. आज मागे पाहता मला तो नामंजूर झाला हे बरं वाटतं. कारण पुढे दिसलं की मागे राहिलेल्या शाईछत्र्या तरी कुठे एका गटाच्या होत्या? कोप्रिनेलस, कोप्रिनॉप्सिस आणि पॅरासोला या तिन्ही फांद्यांच्या मधे न गळणाऱ्या सॅथिरेला येतात. टाइप बदलली असती तरी ते नाव पुन्हा तोडावंच लागलं असतं.

गळण्याची जी युक्ती एकदाच सुचली असेल असं वाटत होतं, तिचं काय? नागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सॅथिरेलेसीच्या वंशवृक्षावर हाच गुण मागे मागे नेऊन पाहिला. गळणं या कुळात एकापेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे उगवलेलं दिसलं. आणि कोमॅटसने ते दुसऱ्याच कुळात वेगळं मिळवलेलं. त्याच वर्षी कोप्रिनॉप्सिस सिनेरियाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, १३ गुणसूत्रं. प्रयोगशाळेत दोन आठवड्यांत बीजाणूपासून छत्रीपर्यंत पोचणारी ही जात कितीतरी संशोधकांची रोजची सोबती आहे, आणि तिच्या बरण्यांवरचं कोप्रिनस खोडून कोप्रिनॉप्सिस लिहायला लोकांना बरीच वर्षं लागली.

आता मघाची अट. क्रम खरोखर त्या अळंबीचाच आहे का?

अळंबी ही कुजायला निघालेली वस्तू असते. तिच्यावर इतर बुरश्या वाढतात, आत अळ्या फिरतात, पडद्यांवर शेजारच्या जातींचे बीजाणू येऊन पडतात. आयटीएसचे प्रायमर, म्हणजे पीसीआरला कुठून सुरुवात करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे, कवकांमध्ये भेदभाव करत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या काळात एका अर्धवट गळलेल्या शाईछत्रीचा क्रम झाडावर इतका लांब जाऊन बसला की मी आठवडाभर नवी प्रजाती सापडल्याच्या आनंदात होते. ती साधी हिरवी बुरशी होती, त्या मेलेल्या मांसावर वाढलेली. तेव्हापासून मी पडद्यांतून तुकडा घेत नाही. देठ किंवा टोपी फोडायची, निर्जंतुक चिमट्याने आतल्या, बाहेरच्या हवेला न लागलेल्या मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उचलायचा. शाईछत्रीत याचा आणखी एक फायदा आहे. पडद्यांतलं काळं रंगद्रव्य डीएनएबरोबर उतरतं आणि पीसीआरच्या विकराला अडवतं. नळीतलं द्रावण करडं दिसलं तर ते दहापट पातळ करून पुन्हा लावा. जिथे काहीच येत नव्हतं तिथे अनेकदा स्वच्छ पट्टा येतो.

दुसरी गोष्ट, क्रमाची मूळ आलेखाची फाइल उघडून पाहा, नुसती अक्षरं नको. तिच्यात प्रत्येक अक्षरासाठी एक शिखर असतं. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं आणि शेवटची तेवढीच बहुतेकदा गचाळ असतात. ती कापून टाका. मधे अगदी स्वच्छ चाललेली शिखरं एखाद्या ठिकाणी अचानक दुहेरी होतात आणि तिथून शेवटपर्यंत दुहेरीच राहतात, असंही दिसेल. नवखे लोक तो नमुना दूषित म्हणून फेकून देतात. थांबा. अळंबीच्या पेशीत दोन वेगळी केंद्रकं असतात, दोन पालकांकडून आलेली. एकाच्या आयटीएसमध्ये एक अक्षर जास्त असलं की त्या जागेपासून दोन्ही वाचनं एका घराने सरकतात आणि एकमेकांवर चढतात. उलट दिशेच्या प्रायमरने वाचा. तिकडून तीच जागा येईपर्यंत स्वच्छ वाचता येतं, आणि दोन्ही वाचनं जोडली की पूर्ण क्रम हाती लागतो.

मग ९७ टक्के. ६५० अक्षरांत ३ टक्के म्हणजे सुमारे २० अक्षरांचा फरक. हे वीस कुठे आहेत? सगळे टोकांना असतील तर तो वाचनातला गोंधळ आहे आणि खरी जुळणी कितीतरी जास्त आहे. मधे पसरलेले असतील तर तुमची अळंबी बहुधा त्या नावाची जात नाही. शिवाय जुळलेला भाग ६५० पैकी किती होता तेही पाहा. फक्त मधली १५८ अक्षरं, म्हणजे ५.८एस हे जवळपास न बदलणारं जनुक जुळलं असेल तर त्या टक्केवारीला अर्थ नाही. आणि ब्लास्टच्या, म्हणजे डेटाबेसमध्ये सारखे क्रम शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत सर्वात वर आलेलं नाव हे सर्वात जवळचं नातं असतंच असं नाही. डेटाबेसमध्ये जे कुणी टाकलं आहे त्यांतलं ते सर्वात सारखं, एवढंच. तुमच्या अळंबीची सख्खी बहीण अजून कुणी वाचलेलीच नसेल तर चुलत बहीण वर येते.

त्या नावावरही किती विसंबायचं? २००६ मध्ये निल्सन आणि सहकाऱ्यांनी सार्वजनिक डेटाबेसमधले कवकांचे आयटीएस क्रम तपासले, तेव्हा सुमारे २० टक्के क्रमांवरची जातींची नावं चुकीची असू शकतात असा अंदाज निघाला. त्यानंतर युनाइटसारखे निवडलेले डेटाबेस सुधारले आहेत, पण मी आजही पहिल्या वीस जुळण्या उघडते आणि पाहते: नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवला आहे का, त्याचा क्रमांक दिला आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांतला एखादा टाइप नमुना आहे का. जातीचं नाव अशा एका नमुन्याला बांधलेलं असतं. जुन्या नावांच्या बाबतीत तो नमुना कित्येकदा वाळकी अळंबीही नसते. कोमॅटसचं नाव ओटो म्युलरने १७८० मध्ये डेन्मार्कच्या वनस्पतींच्या चित्रमालेत दिलं. चित्रातून डीएनए निघत नाही. अशा वेळी त्याच प्रदेशातून ताजा नमुना गोळा करून, त्याचा क्रम वाचून, चित्राच्या जोडीला तो रीतसर नेमावा लागतो. हे काम किचकट आणि बिनचमकीचं आहे, नवी प्रजाती जाहीर करण्याइतकी त्याची बातमी होत नाही, पण त्याच्याशिवाय झाडावरच्या प्रत्येक टोकाचं नाव अंदाजाचं राहतं. मला विचाराल तर या क्षेत्रात आज सगळ्यात जास्त माणसं याच कामाला हवी आहेत.

डीएनएचा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग मात्र वेगळा आहे. तो तुम्हाला पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे पाठवतो आणि कुठे बघायचं ते सांगतो.

कोनोपिलिया नावाची एक उंच, शंकूसारख्या टोपीची, न गळणारी अळंबी आहे. ती सॅथिरेलात होती, कारण गळत नाही म्हणजे सॅथिरेला हे ठरलेलंच होतं. क्रम वाचल्यावर ती पॅरासोलाच्या फांदीवर आली आणि २००८ मध्ये लार्सन आणि ओर्स्टाडियस यांच्या कामातून तिचं नाव पॅरासोला कोनोपिलिया झालं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याकडचा जुना वाळका नमुना काढला. टोपीच्या सालीचा पातळ काप घेतला, सौम्य क्षारात फुगवला आणि चारशेपट मोठा करून पाहिला. सालीतून लांब, जाड भिंतींचे, तपकिरी काट्यांसारखे केस वर आलेले. मग पॅरासोला ऑरिकोमाचा काप शेजारी ठेवला. तेच केस. दोन्ही अळंब्यांच्या वर्णनांत ते कधीपासून लिहिलेले होते, पण एक गळते आणि दुसरी गळत नाही या मोठ्या फरकापुढे केसांना कुणी महत्त्व दिलं नव्हतं.

कोमॅटसचंही तसंच. ताजा देठ धारदार पात्याने उभा चिरा. आतल्या पोकळीत वरून खालपर्यंत एक पांढरा, कापसाच्या वातीसारखा तंतू सुटा लोंबताना दिसतो. सॅथिरेलेसीतल्या शाईछत्र्यांच्या पोकळ देठात तो नसतो. ही खूण दोनशे वर्षं प्रत्येकाच्या हातात होती.

म्हणूनच नव्या प्रजाती किती करायच्या या वादात माझी बाजू ठरलेली आहे. २०२० मध्ये वेख्टर आणि मेल्झर यांनी सॅथिरेलेसीची मोठी फेरमांडणी केली आणि अनेक नव्या प्रजाती मांडल्या. त्यांतली कँडोलिओमायसिस मला पटते. जुनी सॅथिरेला कँडोलियाना आणि तिच्या बहिणी तिच्यात आल्या. झाडावर ती फांदी वेगळी आहे, आणि पडद्याच्या पृष्ठभागावर मोठ्या वंध्य पेशी नसणं ही खूण सूक्ष्मदर्शकाखाली कुणालाही तपासता येते. पण एकाच जनुकावर, पाच-सहा नमुन्यांवर, आणि कुठलीही पडताळता येणारी खूण न देता जी प्रजाती जाहीर होते, ती मी माझ्या यादीत लगेच घेत नाही. झाडाची फांदी खरी असणं आणि तिला स्वतंत्र नाव देण्याची गरज असणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला माहितीतून येतो. दुसरा माणसं घेतात, आणि तो त्यांनी वापरणाऱ्यांचा विचार करून घ्यावा.

या नावांमागे कधी कधी जिवाचाही प्रश्न असतो. कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेंटेरियात कोप्रिन नावाचं द्रव्य असतं. ती खाल्ल्यावर मद्य घेतलं तर शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं आणि चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या सुरू होतात. कोमॅटसमध्ये कोप्रिन नाही. दोघी एकाच प्रजातीत असताना हा फरक चमत्कारिक वाटायचा. वेगळ्या कुळांत गेल्यावर तो समजण्यासारखा झाला. तरीही एक स्पष्ट सांगते: कुळ किंवा प्रजाती कळली म्हणून कुठलीही अळंबी खाऊ नका. एकाच प्रजातीत खाण्याजोग्या आणि घातक जाती शेजारी शेजारी असतात.

आता तुमची बुंध्याजवळची अळंबी. चमचमते कण आणि कुजकं लाकूड, म्हणजे मी सर्वात आधी कोप्रिनेलस मायकॅशियसच्या गटाकडे बघेन. त्या कणांपैकी एक सुईने उचलून पाण्याच्या थेंबात दाबा. गोल, फुग्यांसारख्या पेशींचा पुंजका दिसला तर अंदाज पक्का होतो. मग बीजाणू बघा. मायकॅशियसचे बीजाणू एका बाजूने पाहिले तर साधे लांबट दिसतात, पण दुसऱ्या बाजूने टोपासारखे, खांद्यांशी रुंद होऊन टोकाकडे निमुळते. तिच्या देठावर बारीक, उभ्या केसांसारख्या पेशी असतात. ट्रंकोरम या तिच्या जवळच्या जातीत त्या नसतात. आणि हाच तो गट आहे जिथे आयटीएस एकट्याने जाती वेगळ्या करायला कमी पडतो, त्यामुळे देठाचा काप घेण्याला पर्याय नाही.

त्याच डीएनएतून एलएसयूचा तुकडा एलआर०आर आणि एलआर५ या प्रायमरांनी काढून घ्या. वेगळं काढणं लागत नाही, तीच नळी चालते. दोन्ही क्रम, तुलनेसाठी कोप्रिनेलस, कोप्रिनॉप्सिस, पॅरासोला, सॅथिरेला आणि लॅक्रिमेरियाचे नमुन्याच्या क्रमांकासह दिलेले क्रम, आणि झाडाचं मूळ ठरवायला बाहेरचा गट म्हणून अ‍ॅगॅरिकस व कोमॅटस, एवढं घेऊन झाड काढा. तुमची अळंबी कोप्रिनेलसच्या फांदीत बसली आणि एलएसयूनेही तेच सांगितलं, की कुळाच्या ओळीत सॅथिरेलेसी लिहा. जातीच्या जागी सध्या फक्त मायकॅशियसचा गट एवढंच.

नमुना अजून ओला असेल तर हे सगळं वाचत बसण्याआधी उठा आणि तो वाळत घाला. चाळीस अंशांच्या आसपास, वाऱ्याखाली, टोपीचे उभे काप करून. शाईछत्रीला एक रात्र उशीर झाला की उरतो तो काळा डाग. वाळलेला तुकडा सिलिका जेलच्या डबीत, तारीख, जागा, लाकूड कोणत्या झाडाचं आणि ताजेपणी काढलेला फोटो यांच्यासह ठेवा. डबीवरचा क्रमांक आणि क्रमाच्या फाइलचं नाव एकच असू द्या.